कॉम्पोझिट की: आधी ‘एकच’ म्हणजे काय ते ठरवा, हॅशचं नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. नागपूरच्या कळमना बाजारातल्या लिलावाच्या नोंदी जावा या प्रोग्रामिंग भाषेत एका हॅशमॅपमध्ये, म्हणजे ‘की’ (ओळख) दिली की तिच्याशी जोडलेली नोंद शोधून देणाऱ्या रचनेत, ठेवायच्या आहेत. नोंद शोधायला तारीख, गाळा क्रमांक आणि लॉट क्रमांक अशा तीन गोष्टी लागतात (अशा अनेक भागांच्या कीला कॉम्पोझिट की म्हणतात), कारण लॉटचे आकडे दर गाळ्यावर रोज नव्यानं एकपासून सुरू होतात. आधी तुम्ही या तिन्हींच्या मध्ये आडवी रेघ टाकून एक स्ट्रिंग केली आणि तीच की म्हणून वापरली, तर काही नोंदी एकमेकींवर लिहिल्या जाऊ लागल्या. मग मित्राच्या सांगण्यावरून तीन फील्डचा क्लास केला, तर आता गेट ही शोधायची मेथड नेहमी नल, म्हणजे ‘काही नाही’, देतं, पण मॅप छापून पाहिला तर नोंद आत व्यवस्थित दिसते. तुम्ही विचारलंय: जोडलेली स्ट्रिंग बरी, मॅपच्या आत मॅप बरा, का क्लासच बरा?

एका ओळीत सांगायचं तर रेकॉर्ड, म्हणजे फक्त माहिती धरून ठेवणारा जावाचा छोटा तयार क्लास, वापरा. जावा १६ पासून, म्हणजे २०२१ पासून, तो भाषेचा कायमचा भाग आहे आणि तुमच्या आजच्या दोन्ही अडचणी त्यानं सुटतात. पण तेवढंच करून थांबलात तर तिसरी अडचण वाटेत उभी आहे, कारण पहिल्या दोन्हींचं मूळ एकच आहे. कोणत्या दोन नोंदी ‘एकच’ धरायच्या आणि कोणत्या वेगळ्या, हे तुमच्या कोडनं कुठंच ठामपणे सांगितलेलं नाही. हॅशमॅप ते तुमच्यासाठी ठरवत नाही. तुम्ही सांगितलं नाही तर भाषा आपला अर्थ लावून मोकळी होते.

जोडलेल्या स्ट्रिंगचं आधी पाहू. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात काही गाळ्यांना ‘१२-१’ असे पोटक्रमांक आहेत, आणि वाटून विकलेल्या काही लॉटना ‘१-४’ असे. आता गाळा ‘१२-१’ वरचा लॉट ‘४’ आणि गाळा ‘१२’ वरचा लॉट ‘१-४’ जोडून पाहा. दोन्हींची स्ट्रिंग ‘१२-१-४’. दोन वेगळे गाळे, दोन वेगळे माल, पण मॅपच्या दृष्टीनं एकच की, म्हणून दुसरी नोंद पहिलीला पुसून टाकते. कुठंही एरर येत नाही, एक्सेप्शन येत नाही. दिवसाच्या शेवटी बेरीज जुळत नाही, एवढंच कळतं. मध्ये रेघच टाकली नसती तर पोटक्रमांकांचीही गरज नव्हती: गाळा १२ लॉट ३ आणि गाळा १ लॉट २३, दोन्ही ‘१२३’.

यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे विभाजक बदलणं. रेघेऐवजी उभी दांडी, दोन कोलन, असलं काहीतरी. ऑक ही जुनी भाषा अधिकृतपणे हेच करते: ॲरेला स्वल्पविराम देऊन दोन इंडेक्स दिले तर ती आतून त्यांची एकच स्ट्रिंग बनवते आणि मध्ये अष्टमान ०३४ या कोडचं न दिसणारं नियंत्रण-चिन्ह घालते. ते चिन्ह साध्या मजकुरात येत नाही म्हणून चालून जातं. पण हा शेवटी अंदाज आहे, हमी नाही; आणि तुम्ही निवडलेलं चिन्ह कुणीतरी एक्सेलमधून कधी ना कधी आणून चिकटवतंच. शिवाय स्ट्रिंग केली म्हणजे प्रत्येक भागाचा प्रकार हरवतो. लॉट ‘०५’ आणि लॉट ‘५’ हे आकडा म्हणून एकच, स्ट्रिंग म्हणून वेगळे. वेगाचाही फायदा नाही. दर वेळी शोधताना नवी स्ट्रिंग बांधायची, तिच्या एकेका अक्षरावरून हॅश, म्हणजे कप्पा ठरवणारा आकडा, काढायचा. तीन फील्डच्या छोट्या ऑब्जेक्टपेक्षा हे काम बहुधा जास्तच असतं.

आता दुसरी अडचण, नलची. हॅशमॅप शोधतो दोन टप्प्यांत: हॅशकोडवरून कुठल्या कप्प्यात पाहायचं ते ठरतं, आणि कप्प्यात गेल्यावर इक्वल्स (‘हे दोन एकच का’ ते सांगणारी मेथड) विचारून नेमकी नोंद ओळखली जाते. पोस्टमन आधी पिनकोड पाहतो आणि मग घराचं नाव, तसंच. क्लासमध्ये तुम्ही काहीच लिहिलं नाही तर दोन्ही गोष्टी ऑब्जेक्ट या मूळ क्लासकडून येतात, आणि तिथं ‘एकच’ याचा अर्थ मेमरीतला तोच ऑब्जेक्ट. नोंद टाकताना एक ऑब्जेक्ट बनवला, शोधताना तीच तीन फील्ड घालून दुसरा बनवला. जावाच्या मते हे दोन परके.

तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या फाइलमध्ये इक्वल्स लिहिलेलं आहे, हॅशकोड नाही. यानं काम भागत नाही, आणि ‘कधीकधी चालेल’ अशीही आशा धरू नका. जावाचा हॅशमॅप प्रत्येक नोंदीबरोबर तिचा पूर्ण हॅश साठवून ठेवतो आणि आधी तो आकडा जुळतो का पाहतो. तो जुळला तरच इक्वल्सची पाळी येते. म्हणजे दोन्ही ऑब्जेक्ट योगायोगानं एकाच कप्प्यात पडले तरी तुमचं इक्वल्स बहुतेक विचारलंच जाणार नाही. आणखी एक: तुमच्या इक्वल्सचा पॅरामीटर तुमच्याच क्लासचा आहे. तो ऑब्जेक्ट या प्रकारचाच हवा, नाहीतर तुम्ही मूळ मेथड बदललेली नसते, तिच्या शेजारी त्याच नावाची दुसरी उभी केलेली असते, आणि मॅप पहिलीलाच हाक मारतो. वर ओव्हरराइडची खूण लावली असती तर कंपायलरनं हे तिथल्या तिथं पकडलं असतं. ती खूण लावायची सवय ठेवाच.

रेकॉर्डमध्ये हे सगळं आपोआप मिळतं. तारीख, गाळा, लॉट असे तीन घटक लिहिले, झालं: इक्वल्स आणि हॅशकोड तिन्हींवरून बनतात, फील्ड नंतर बदलता येत नाहीत, आणि छापल्यावर आतलं वाचताही येतं. पुढं चौथा घटक वाढवलात, समजा उद्या दुसऱ्या बाजार समितीचाही डेटा आला, तर तोही आपोआप तुलनेत धरला जातो. हातानं लिहिलेल्या इक्वल्समध्ये नवं फील्ड घालायचं राहून जाणं हा मी कोड तपासताना सगळ्यात जास्त पाहिलेला दोष आहे. कंपनीत जावा ८ किंवा ११ असेल आणि रेकॉर्ड मिळत नसेल, तर आयडीईकडून (कोड लिहायच्या एडिटरकडून) दोन्ही मेथड बनवून घ्या आणि फील्ड फायनल करा.

फायनलचा आग्रह का, तेही सांगतो. की मॅपमध्ये टाकल्यावर तिचं एखादं फील्ड बदललं तर तिचा हॅश बदलतो, पण ती पडून राहते जुन्याच कप्प्यात. मग गेट नल देतं, कंटेन्सकी ‘नाही’ म्हणतं, रिमूव्हही काही काढत नाही, आणि लूप लावला तर नोंद समोर दिसते. तुमच्या मूळ लक्षणासारखंच दिसणारं, पण वेगळं दुखणं. सर्व्हरवर दिवसेंदिवस चालणाऱ्या प्रोग्राममध्ये अशा न निघणाऱ्या नोंदी साचत जातात आणि मेमरी भरते.

रेकॉर्डनं सगळंच मिटत नाही, कारण तो फक्त आपल्या घटकांना विचारतो. घटकाचीच ‘एकच’ची कल्पना तुमच्यापेक्षा वेगळी असेल तर पुन्हा तेच. ॲरे घटक म्हणून ठेवला तर ॲरेची तुलना मेमरीतल्या पत्त्यावरून होते, आतल्या आकड्यांवरून नाही. ॲरेऐवजी लिस्ट घ्या, आणि रेकॉर्डच्या कन्स्ट्रक्टरमध्ये लिस्ट.कॉपीऑफ करून घ्या, म्हणजे बाहेरून कुणी ती बदलणार नाही. बिगडेसिमलमध्ये २.० आणि २.०० हे इक्वल्सच्या मते वेगळे आहेत, कारण ते दशांशस्थळंही मोजतं. वजन वा भाव कीमध्ये घालायची वेळ आलीच तर पैसे किंवा ग्रॅम अशा पूर्णांकात घाला. डबल तर कीमध्ये नकोच.

तारखेपाशी मात्र थोडा वेळ थांबू या, कारण तुमच्या प्रोजेक्टमध्ये खरा धोका तिथं आहे. कीमध्ये ‘दिवस’ हवा असेल तर लोकलडेट वापरा. वेळ, सेकंद, मिलिसेकंद असलेला प्रकार वापरलात तर शोधताना तेच मिलिसेकंद पुन्हा कधीच येणार नाहीत. आणि तो दिवस कोणत्या घड्याळाचा, तेही ठरवा. भारतीय वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढं आहे. सर्व्हर यूटीसीवर चालत असेल आणि तुम्ही त्याच्याच घड्याळावरून तारीख काढत असाल, तर पहाटे साडेपाचच्या आत नोंदलेला प्रत्येक लॉट आदल्या दिवसाच्या खात्यात जाईल. बाजारात पहाटेपासून गाड्या लागतात. म्हणजे पहाटे पाचला नोंदलेला गाळा १२ चा लॉट १ कालच्या लॉट १ वर जाऊन बसेल आणि कालचा भाव पुसेल. सकाळी दहानंतर केलेल्या टेस्टमध्ये हे कधीच सापडत नाही. की बनवताना ‘एशिया/कोलकाता’ हा झोन स्पष्ट द्या, मशीनच्या सेटिंगवर सोडू नका.

आता आपल्या लिपीचा प्रश्न. तुमच्या प्रोजेक्टमध्ये अडत्याचं नाव आणि तारीख अशी आणखी एक कॉम्पोझिट की आहे, आणि नावं देवनागरीत आहेत. नागपूरकरांना ओळखीचं आडनाव घ्या: वऱ्हाडपांडे. हे दोन तऱ्हांनी टाइप होतं. एका कीबोर्डवर ‘ऱ’, हलन्त आणि ‘ह’ असे कोड जातात. दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त, मग शून्य रुंदीचं एक न दिसणारं जोडचिन्ह, आणि मग ‘ह’. पडद्यावर वऱ्हाडपांडे आणि वर्‍हाडपांडे डोळ्यांना सारखेच. इक्वल्सला मात्र दोन वेगळी माणसं. अर्धा हिशेब एकाच्या नावावर, अर्धा दुसऱ्याच्या.

युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या कोड-रूपांचं एकच रूप करणं, इथं अर्धंच काम करतं. ‘र’ खाली नुक्ता देऊन कुणी ‘ऱ’ बनवला असेल तर एनएफसी त्याचा एकच ‘ऱ’ करून देतं. पण त्या न दिसणाऱ्या जोडचिन्हाला ते हात लावत नाही. म्हणून मराठी नावांसाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो: ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ दिसलं तर त्याचा ‘ऱ, हलन्त’ करा, त्यानंतर एनएफसी, मग कडेच्या मोकळ्या जागा काढा. जागांमध्येही एक चकवा आहे: एक्सेल आणि वेबपानांवरून चिकटवलेल्या मजकुरात ‘न तुटणारी जागा’ येते, आणि जावाची स्ट्रिप मेथड ती काढत नाही; ती वेगळी बदलावी लागते. हे सगळं फक्त कीसाठी करा. बिलावर छापायचं नाव माणसानं जसं लिहिलं तसंच राहू द्या.

आकड्यांचंही तसंच. ‘१२’ देवनागरीत आणि तोच आकडा इंग्रजी अंकांत, या स्ट्रिंग म्हणून वेगळ्या आहेत. जावाची पार्सइंट मेथड देवनागरी अंकही समजून घेते, तेव्हा लॉट क्रमांक इंटिजरमध्ये बदलूनच कीमध्ये घाला; ‘०५’ आणि ‘५’चा घोळही त्यातच मिटतो. पोटक्रमांक असतील तर मूळ क्रमांक आणि पोटक्रमांक असे दोन घटक करा.

ही साफसफाई कुठं करायची? एकाच ठिकाणी: रेकॉर्डच्या कन्स्ट्रक्टरमध्ये. नोंद टाकणारा कोड वेगळी सफाई करतो आणि शोधणारा वेगळी, अशी वेळ येऊच देऊ नका. की बनायचा दरवाजा एकच असला म्हणजे आत येणारं सगळं त्याच चाळणीतून येतं. आणि जमत असेल तर नाव कीमध्ये ठेवूच नका. अडत्याला एक क्रमांक द्या, मालाला एक कोड द्या. ‘संत्रा’, ‘संत्री’, ‘नागपुरी संत्रा’ हे तिन्ही एकच आहेत हे कुठलंही नॉर्मलायझेशन ओळखणार नाही. ते माणसानं मास्टर यादीत एकदा ठरवायचं असतं.

यातूनच पुढचा मुद्दा येतो: कीमध्ये काय काय घालायचं? फार कमी घातलं तर नोंदी एकमेकींवर जातात, फार जास्त घातलं तर सापडत नाहीत. तुमच्या क्लासमध्ये माल आणि प्रतही घातलेली दिसली. ती काढा. दिवस, गाळा आणि लॉट ठरला म्हणजे माल ठरलाच. तो नोंदीतली माहिती आहे, ओळख नाही. उद्या कुणी प्रत ‘मध्यम’ची ‘मोठी’ अशी दुरुस्त केली तर त्याच लॉटची दुसरी नोंद तयार होईल.

उलट, दिवसाचे सरासरी भाव ठेवणाऱ्या मॅपमध्ये माल आणि प्रत लागतातच, आणि संत्र्यासाठी बहारही (फुलोऱ्याचा हंगाम) घालायचा का, याचा विचार करा. आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर येतात, मृगाची फेब्रुवारी ते एप्रिल. तारखेवरून बहार कळतो असं वाटेल, आणि बहुतेक दिवशी ते खरंही आहे. पण हंगामाच्या कडेला एकाच दिवशी दोन्हींची आवक झाली आणि भाव वेगळा निघाला, तर बहाराशिवायची की दोन भावांची खिचडी करेल. माझं मत: घाला. आणि प्रत माहीत नसेल तर तिथं नल न ठेवता ‘प्रत नोंदलेली नाही’ अशी स्पष्ट किंमत ठेवा. रेकॉर्ड दोन नलांना सारखं मानतो. दोन अज्ञात प्रती सारख्या आहेत का, हे तुमच्याकडून ठरायला हवं, चुकून ठरायला नको.

क्रमाचाही प्रश्न असतो, तो तुमच्या प्रोजेक्टमध्ये नाही, पण नागपूर मेट्रोच्या उदाहरणानं पटकन कळेल. ऑरेंज लाइन खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, ॲक्वा लाइन लोकमान्य नगर ते प्रजापती नगर, आणि सीताबर्डीला दोन्ही मिळतात. समजा तुम्ही स्टेशनांच्या जोडीवर दोन मॅप करताय: एक भाड्याचा, एक प्रवाशांच्या संख्येचा. भाडं अंतरावर असतं, तेव्हा खापरी–सीताबर्डी आणि सीताबर्डी–खापरी ही भाड्यासाठी एकच जोडी. प्रवाशांसाठी मात्र सकाळचा लोंढा कुठून कुठं जातो हेच बघायचंय, म्हणजे त्या दोन वेगळ्या. भाड्याच्या रेकॉर्डमध्ये लहान क्रमांकाचं स्टेशन नेहमी पहिलं ठेवा, तेही कन्स्ट्रक्टरमध्येच. प्रवाशांच्या रेकॉर्डमध्ये क्रम तसाच ठेवा. दोन्ही रेकॉर्डमध्ये दोन इंटिजरच, पण दोन वेगळे प्रकार करा. एकच ‘जोडी’ क्लास दोन्हीकडे वापरायचा मोह आवरा.

याच उदाहरणावर हॅशच्या दर्जाचंही बोलून घेऊ, कारण ‘वेगासाठी दोन इंटिजर एका लाँगमध्ये (६४ बिटांच्या पूर्णांकात) भरा’ असा सल्ला बरेच जण देतात. वरच्या ३२ बिट्समध्ये पहिला आकडा, खालच्या ३२ मध्ये दुसरा. की म्हणून हे अचूक आहे, दोन वेगळ्या जोड्या कधीच एक होत नाहीत, फक्त दुसरा आकडा ऋण असेल तर त्याच्या वरच्या बिट्स झाकायला विसरू नका. पण जावामध्ये लाँगचा हॅशकोड म्हणजे वरचा अर्धा आणि खालचा अर्धा यांचा एक्सऑर (बिट वेगळे तिथं १, सारखे तिथं ०). म्हणजे (३, ५) आणि (५, ३) यांचा हॅश एकच, आणि (७, ७), (२०, २०) अशा सगळ्या जोड्यांचा शून्य. स्टेशनांना ० ते ६३ क्रमांक दिले तर ४०९६ जोड्या होतात आणि त्यांना मिळून हॅश मिळतात फक्त ६४. प्रत्येक हॅशवर ६४ जोड्या बसतात. पहिल्याला ३१ नं गुणून दुसरा मिळवला तर २०१७ वेगळे हॅश मिळतात, म्हणजे एका हॅशवर सरासरी दोन. मॅप.एंट्री की म्हणून वापरणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. तिचा हॅशही एक्सऑरच आहे.

मात्र यानं प्रोग्राम चुकीचं उत्तर देत नाही, फक्त सावकाश होतो, आणि जावा ८ पासून तेवढाही होत नाही: एका कप्प्यात आठाहून जास्त नोंदी झाल्या आणि टेबल किमान ६४ कप्प्यांचं असलं तर त्या कप्प्याचं झाड केलं जातं. लाँगची तुलना लहान-मोठी अशी करता येत असल्यानं झाडात शोध झटकन लागतो. तेव्हा मोजल्याशिवाय हॅशच्या मागं लागू नका. आणि खरं तर ६४ गुणिले ६४ साठी मॅपच कशाला? इंटिजरचा द्विमिती ॲरे सुमारे १७ किलोबाइटमध्ये बसतो आणि हॅशचा प्रश्नच उरत नाही. दोन्ही भाग छोटे, सलग पूर्णांक असतील तर माझी पहिली पसंती तीच.

हॅश टक्कर, म्हणजे दोन वेगळ्या कींचा हॅश सारखा येणं, ही चूक नव्हे, हे पुन्हा सांगतो, कारण तुमच्या मेसेजमध्ये ‘दोन कींचा हॅश सारखा आला तर डेटा जाईल का’ असंही विचारलंय. नाही जाणार. जावाचा स्ट्रिंग हॅशही ३१ च्या गुणाकारावर चालतो, आणि देवनागरीत ‘ट’ आणि ‘ा’ यांच्या कोडमध्ये बरोबर ३१ चं अंतर आहे. म्हणून ‘काका’ आणि ‘खटका’ या दोन्हींचा हॅशकोड ७१६१२२४२ येतो. ‘जाणे’ आणि ‘झटणे’ यांचाही एकमेकांशी जुळतो. करून पाहा. दोन्ही शब्द एकाच मॅपमध्ये सुखानं राहतात, कारण शेवटचा शब्द इक्वल्सचा असतो. डेटा जातो तो तुम्ही हॅशचा आकडाच की म्हणून वापरलात तर. तीन फील्डचा हॅश काढायचा आणि इंटिजर म्हणून तोच मॅपला द्यायचा, असं कोड मी पाहिलेलं आहे. ३२ बिटांचा हॅश कितीही चांगला असला तरी सुमारे ७७ हजार नोंदींनंतर किमान एक टक्कर होण्याची शक्यता निम्मी होते, आणि इथं टक्कर म्हणजे पुसलेली नोंद. हॅश फाइलमध्येही साठवू नका. रेकॉर्डमध्ये एनम (ठरावीक पर्यायांचा प्रकार) असेल तर त्याचा हॅश प्रोग्राम पुन्हा चालू केल्यावर बदलू शकतो.

मॅपच्या आत मॅप कधी? तुम्ही कोणते प्रश्न विचारणार त्यावर आहे. नेहमी तिन्ही गोष्टी हातात असतील तर कॉम्पोझिट की सोपी. पण ‘आजचे गाळा १२ चे सगळे लॉट दाखवा’ हा प्रश्न रोजचा असेल, तर कॉम्पोझिट कीच्या हॅशमॅपला सगळ्या नोंदी चाळाव्या लागतात. हॅशला अर्धी की कळत नाही. तिथं बाहेरच्या मॅपची की (तारीख, गाळा) आणि आत लॉटचा मॅप, अशी रचना घ्या; आतला मॅप नसेल तर बनवायला कॉम्प्यूटइफॲबसेंट आहेच. क्रमानं लागत असेल, समजा एका आठवड्याचे भाव, तर रेकॉर्डला तुलना शिकवून ट्रीमॅप वापरा, त्यात पट्टा काढता येतो. तीन मजली मॅप मात्र टाळा. रिकामे झालेले आतले मॅप कोण काढणार, एकूण नोंदी किती हे कुणाला विचारणार, या प्रश्नांत कोड हरवतं.

बाकी भाषांचं भराभर. पायथनमध्ये टपल द्या, काम होतं. आत लिस्ट असेल तर टाइपएरर येतो आणि तो आलेला बराच. फक्त १, १.० आणि ट्रू हे पायथनला एकच वाटतात, तेव्हा प्रकार मिसळू नका. डेटाक्लास वापरायचा तर फ्रोझन करा. जावास्क्रिप्टच्या मॅपमध्ये ॲरे वा ऑब्जेक्ट की म्हणून दिला तर तुलना पत्त्यावरून होते आणि तुमच्या नलसारखंच अनडिफाइंड हाती येतं. तिथं भागांचा ॲरे करून त्याचं जेसन स्ट्रिंगिफाय करणं हा चांगला मार्ग आहे, कारण अवतरणं आणि एस्केप यांमुळं वरचा ‘१२-१-४’ सारखा घोटाळा होत नाही. सी++ मध्ये अनऑर्डर्ड मॅपला पेअर दिली तर कंपाइलच होत नाही, हॅश आपण लिहावा लागतो. साध्या मॅपला ती चालते. गो मध्ये स्ट्रक्ट थेट चालतं, आत स्लाइस, मॅप वा फंक्शन नसलं म्हणजे झालं. रस्टमध्ये हॅश, ईक्यू आणि पार्शलईक्यू डिराइव्ह करा.

टेस्ट लिहिताना मॅप बाजूला ठेवा आणि कीचीच परीक्षा घ्या. त्याच तीन किमतींनी दोन वेगळे ऑब्जेक्ट बनवा: ते इक्वल असले पाहिजेत आणि हॅश सारखा हवा. मग एकेक घटक बदला, दर वेळी ते वेगळे ठरले पाहिजेत. वऱ्हाडपांडे दोन्ही तऱ्हांनी टाइप करून एक टेस्ट, आणि पहाटे पाचच्या वेळेची एक.

शेवटी तुमच्या आत्तापर्यंतच्या डेटाचं. मॅपमधून पुसलेलं परत येणार नाही, पण मूळ सीएसव्ही फाइली तुमच्याकडे आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्या पुन्हा वाचा, आणि प्रत्येक ओळीसाठी जुनी स्ट्रिंग की आणि नवा रेकॉर्ड दोन्ही बनवा. एका मॅपमध्ये स्ट्रिंगला कोणकोणते रेकॉर्ड आले ते जमवा. ज्या स्ट्रिंगला एकाहून जास्त रेकॉर्ड आले, तिथं नोंदी पुसल्या गेल्या होत्या. मग उलटं करा: एका रेकॉर्डला एकाहून जास्त स्ट्रिंग आल्या, तिथं ‘०५’ आणि ‘५’ सारखी एकच नोंद दोनदा धरली गेली होती. या दोन याद्या घेऊन गाइडकडे जा. कोणते भाव सुधारायचे ते त्यातूनच निघेल.